रॅचेट पाना
रॅचेट पाना हे नट-बोल्टवरून न उचलता मागेपुढे हलवून फिरवण्याचे हत्यार आहे. त्याच्या चौकोनी टोकावर गोटी, म्हणजेच सॉकेट, बसवतात. ७२ दात्यांच्या चाकाला पुढचा दाता पकडण्यास ५ अंश, तर २४ दात्यांच्या चाकाला १५ अंश फिरावे लागते. त्यामुळे अडचणीच्या जागी पहिले सोयीचे. मात्र केवळ दात्यांवरून दर्जा ठरवणे चुकीचे आहे. खटक्याची रचना व पोलाद तितकेच महत्त्वाचे.

अमेरिकेची स्नॅप-ऑन (१९२०) व जर्मनीची श्टालविले (१८६२) यांची हत्यारे महाग आहेत. नाशिकची टपारिया टूल्स स्वीडनच्या बाह्कोच्या तांत्रिक सहकार्याने उभी राहिली. पाचोडवरून जाणाऱ्या धुळे–सोलापूर महामार्गावरील मालमोटारींच्या चाकांना पाऊण किंवा एक इंची चौकोन लागतो. गंजलेल्या नटावर बाराकोनी गोटी कडा झिजवते, म्हणून षट्‌कोनी वापरतात. पहिला झटकाही रॅचेटऐवजी साध्या दांड्याने देतात.