८ मे १९७७ : मैफल आणि तिची प्रत

'ग्रेटफुल डेड' या अमेरिकन रॉक बँडचे चाहते १९७७ च्या वसंतातील दौऱ्याविषयी बोलू लागले, की हटकून ८ मे या तारखेपाशी येतात. त्या रात्री न्यूयॉर्क राज्यातील इथाका येथे, कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये झालेली मैफल अनेकांच्या लेखी बँडची सर्वश्रेष्ठ मैफल होय. असे म्हणणाऱ्यांत तेथे प्रत्यक्ष हजर नसलेलेच अधिक. त्यांनी ऐकली ती ध्वनिफीत.

बेटी कँटर-जॅक्सन यांनी ती मुद्रित केली. १९८६ मध्ये त्यांच्या फितींचा साठा गोदामाचे भाडे थकल्याने लिलावात गेला आणि चाहत्यांच्या हाती पडला. मग प्रतीवरून प्रत निघत गेली. फितींची देवघेव करावी, विक्री मात्र करू नये, हा या मंडळींचा दंडक.

पोथ्यांच्या नकलांचा इतिहास वाचणाऱ्या आपल्याला हे अनोळखी वाटू नये. चांगली प्रत हाती असली की तिचा पाठ प्रमाण ठरू लागतो. दुसऱ्याच दिवशीची बफलोची मैफल अधिक सरस मानणारे रसिकही आहेत. मग 'सर्वश्रेष्ठ' काय, ते वादन की ती फीत?

आम्हांस वाटते, हे दोन आता वेगळे काढता येणार नाहीत. लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०११ सालच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत या फितीचा समावेश केला. अधिकृत आवृत्ती २०१७ मध्ये निघाली. तोवर प्रमाण पाठ चाहत्यांनी ठरवून टाकला होता.