टेरेफ्थॅलॉइल क्लोराइड आणि केवलारचा इतिहास

केवलार या तंतूचा शोध सर्वसाधारणपणे स्टेफनी क्वोलेक (१९२३-२०१४) या एकाच नावाशी जोडला जातो. १९६५ मध्ये अमेरिकेतील विल्मिंग्टन येथे ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांनी सिद्ध केलेले बहुवारिकाचे द्रावण गढूळ व पातळ होते. यंत्राची छिद्रे तुंबतील या भीतीने तंत्रज्ञ त्यापासून सूत काढण्यास राजी नव्हता. क्वोलेक यांच्या आग्रहामुळे असाधारण ताठ तंतू हाती आला; परंतु तो केवलार नव्हे, पॉलिपॅराबेंझामाइडचा होता.

हे बहुवारिक महाग पडत असल्याने टेरेफ्थॅलॉइल क्लोराइड हे अम्ल क्लोराइड व पॅरा-फेनिलीनडायअमाइन ही तुलनेने स्वस्त एकवारिके निवडली गेली. त्यांच्या बहुवारिकापासून संहत सल्फ्युरिक अम्लाच्या साहाय्याने सूत काढण्याची पद्धती हर्बर्ट ब्लेड्स यांनी विकसित केली. पुढे १९७५ मध्ये बहुवारिकीकरणाचा द्रावक, हेक्झामिथिलफॉस्फोरामाइड, श्वासावाटे दिला असता उंदरांमध्ये कर्करोगकारक आढळला आणि त्याला पर्याय शोधावा लागला.

तात्पर्य, गोळी अडवणाऱ्या या तंतूच्या इतिहासात क्वोलेक यांच्या चिकाटीबरोबरच कच्च्या मालाची किंमत आणि कामगाराचा श्वास यांचीही नोंद घेणे अगत्याचे ठरते.