प्रार्थना पुन्हा म्हणायची की पुढे जायचं?

प्रयोगशाळेत एखाद्या नळीत द्रावण टाकलं की नाही अशी शंका आली, तर मी ती नळी बाजूला ठेवते आणि पहिल्यापासून सुरुवात करते. शंका आली की पुन्हा करायचं, हे आमच्या अंगवळणी पडलंय. पण हीच सवय प्रार्थनेत शिरली तर? ज्यू धर्मशास्त्रात या प्रश्नाचा बराच जुना इतिहास आहे.

प्रार्थनेतल्या एकाग्रतेला हिब्रूत 'कव्वाना' म्हणतात. इ.स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथात एक नियम आहे: 'मोदीम' (आम्ही आभार मानतो) हा शब्द कोणी लागोपाठ दोनदा म्हटला, तर त्याला गप्प करावं. कारण ऐकणाऱ्याला वाटेल, हा दोन देवांचे आभार मानतोय! पुढे तालमूदने 'शेमा'बद्दलही हेच म्हटलं. देव एकच आहे असं सांगणारी ही प्रार्थना. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएलांनी बाकी बरंच विसरूनही ती जपली, असं त्यांची परंपरा सांगते.

तालमूदमध्ये रव पापा विचारतात, पहिल्यांदा म्हणताना त्याचं लक्ष नसेल आणि दुसऱ्यांदा असेल तर? अबाये म्हणतात, देवाशी काय अशी मित्रासारखी सलगी करायची? लक्ष नसेल तर लोहाराच्या हातोडीने ठोकून त्याचं लक्ष जाग्यावर आणू!

बाराव्या शतकात मैमोनिदीसने याच्या पुढचं टोक गाठलं: लक्ष नसताना केलेली प्रार्थना ही प्रार्थनाच नव्हे, ती पुन्हा करावी. आता विचार करा, 'अमीदा' या मुख्य प्रार्थनेत रोजच्या दिवशी 19 आशीर्वचनं असतात आणि ती दिवसातून तीनदा म्हणायची. मन तर भटकणारच. मग थांबायचं कुठे?

सोळाव्या शतकात क्राकूवचे रब्बी मोशे इसेरलिस यांनी व्यवहारी तोड काढली. ते म्हणतात, हल्ली लक्ष नव्हतं म्हणून आपण प्रार्थना पुन्हा करत नाही, कारण दुसऱ्या वेळीही लक्ष लागेलच असं नाही. एकाग्रतेचं मोल त्यांनी कमी केलं नाही. फक्त मागे फिरायची वाट बंद केली.

ही वाट उघडी राहिली की काय होतं, हे विसाव्या शतकात मनोविकारतज्ज्ञांनी पाहिलं. जेरुसलेममध्ये डेव्हिड ग्रीनबर्ग आणि एलिएझर विट्झटम यांनी कर्मठ ज्यू समाजातल्या ओसीडीच्या रुग्णांचा अभ्यास केला. एरवी हात धुण्यात किंवा कुलूप तपासण्यात दिसणारा हा आजार तिथे प्रार्थनेचे शब्द आणि शुद्धतेचे नियम पकडतो. एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणूनही समाधान होत नाही, कारण प्रत्येक वेळी नवी शंका उभी राहते.

1966 मध्ये लंडनच्या व्हिक्टर मेयर यांनी अशा रुग्णांना त्यांची कृती करण्यापासून रोखून पाहिलं. शंका तशीच राहू द्यायची, कृती करायची नाही. हळूहळू अस्वस्थता ओसरते. आजच्या उपचारांचा हा पाया आहे. बने ब्राकचे रब्बी याकोव्ह यिस्राएल कानिएव्स्की (मृत्यू 1985) यांनीही शंकेने पछाडलेल्यांना पत्रांतून हाच सल्ला दिला: पुन्हा म्हणू नका, पुढे जा.

तुमच्या घरात कोणी पूजा, जप किंवा नमाज म्हणताना असं अडकत असेल, तर 'नीट लक्ष देऊन म्हण' असं सांगू नका. तेच तर तो माणूस दिवसभर करतोय. त्याला डॉक्टरांकडे न्या.