आतड्याच्या दाहावर नसेला विद्युत स्पंदने

अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स या आजारांत प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटते. मेंदूपासून मानेतून पोटापर्यंत जाणारी व्हेगस ही नस असा दाह काही प्रमाणात शमवते. ती सौम्य विद्युत स्पंदनांनी चेतवायची, ही या उपचारामागची कल्पना. पेसमेकरसारखे यंत्र छातीच्या त्वचेखाली बसवून त्याची तार मानेतल्या डाव्या नसेला जोडतात. फिट्सच्या रुग्णांत हे पूर्वीपासून वापरात आहे. आवाज घोगरा होणे हा नेहमीचा त्रास.

फ्रान्समधील ग्रेनोबल येथे क्रोन्सच्या 7 रुग्णांवर हे करून पाहिले. 2016 च्या अहवालानुसार सहा महिन्यांनी 5 जणांचा आजार आटोक्यात होता. दोघांचा मात्र बळावल्याने त्यांना प्रयोगातून काढावे लागले. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. एवढ्यावरून चालू औषध सोडा, असे मी कोणाला सांगणार नाही.

कंबरदुखीसाठी मिळणारे टेन्स यंत्र वेगळे. ते पोटाला लावून कोलायटिस बरा होत नाही. मेसालामीन, ॲझाथायोप्रिन स्वतःहून बंद करू नका. शौचातून रक्त वाढले, ताप आला किंवा पोट फुगले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रत्नागिरीहून कोल्हापूर-मुंबईला पोटविकारतज्ज्ञांकडे जाताना कोलोनोस्कोपी आणि बायोप्सीचे जुने रिपोर्ट सोबत न्या. आतड्याचा क्षयरोग क्रोन्ससारखाच दिसतो, त्यामुळे ते लागतातच.