निसर्गचित्रांतील वाटसरू

पुनावळ्याहून लोणावळ्याच्या वाटेस लागलें म्हणजे पुढें मळवलीचें स्टेशन लागतें. मुंबईंत १८९४ सालीं निघालेला राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९९ च्या सुमारास या गांवीं आला. रंगागणिक वेगळी शिळा वापरून देवदेवतांचीं व पुराणांतील नायिकांचीं तेलरंगी चित्रें त्यानें घरोघर पोंचविलीं. आणि आपल्या डोळ्यांस एक खोडही लाविली. चित्र समोर आलें कीं आपण आधीं चेहरा शोधतों. मागचा डोंगर, तळें, झाडी हा नाटकांतला पडदा. त्याकडे कोण पाहतो?

ही खोड घेऊन त्याच सुमाराच्या इंग्रज चित्रकारांचीं छापील निसर्गदृश्यें पाहावयास बसलें कीं फसगत होते. चार्ल्स बार्टलेट हा डॉर्सेटकडील चित्रकार १९१३ सालीं हिंदुस्थानांत आला. बनारस, उदेपूर, आग्रा, पेशावर पाहून तो जपानांत गेला, व १९१६ सालीं टोकिओचे प्रकाशक वातानाबे यांनीं त्याच्या या प्रवासाचीं चित्रें लांकडी ठशांवरून छापलीं. त्यांत खैबर खिंडीचें एक चित्र आहे. उंटांचा तांडा चालला आहे. पण त्यांतील कोणा एकाची मुद्रा मनांत ठसावी, असा चित्रकाराचा हेतु नाहीं.

या छपाईंत तेलाचा संबंध नाहीं. पाण्यांत कालविलेला रंग व तांदळाची खळ ठशावर लावावयाची, ओलसर कागद वर ठेवावयाचा आणि पाठीमागून हातानें घोटावयाचा. येथेंही रंगागणिक ठसा निराळा. ठशावरील रंग एका बाजूस पुसट केला कीं आकाश वर गडद व क्षितिजाशीं फिकें उतरतें. तेलरंग कागद झांकून टाकतो. हा रंग कागदाची पांढरी झांक आंतून येऊं देतो. इंग्लंडांत ही जपानी रीत रुजविणाऱ्यांपैकीं फ्रँक मॉर्ले फ्लेचर यानें १९१६ सालीं तिच्यावर पुस्तकच लिहिलें. रेखणारा, कोरणारा व छापणारा हात एकच असावा, असा त्याचा आग्रह. बार्टलेटचे ठसे मात्र जपानी कारागिरांनीं कोरले. त्यांचीं नांवें विचारण्याची आपल्यास संवय नाहीं.

आपल्याकडील माणसांस परक्या चित्रकारानें डोंगराचें माप म्हणून उभें करावें, याचा राग येतो, हें मी नाकारीत नाहीं. पण मळवलीच्या परिसरांत भातखाचरांत वांकलेला मावळी शेतकरी तरी आपल्या तेलरंगी चित्रांत कितीसा आला? तेथें चेहरा मिळाला तो शकुंतलेस, मोहिनीस. बार्टलेटच्या वाटसरूस चेहरा नसेल. त्याची चाल मात्र त्याचीच आहे.

तेव्हां असें एखादें चित्र हातीं आलें तर त्यांतील माणसांवर आंगठा ठेवून पाहा. खिंड एकदम लहान होते. रंगही मावळल्यासारखा वाटतो, कारण सर्वांत उजळ ठिपका बहुधा एखाद्या पागोट्यास किंवा लुगड्यास राखून ठेवलेला असतो. आंगठा उचला, कीं डोंगर पुन्हा आपल्या उंचीस जातो.