रुळांवरचा मृत्यू आणि इंजिनातला माणूस

१५ सप्टेंबर १८३०. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेच्या उद्घाटनाच्या दिवशी विल्यम हस्किसन हे ब्रिटिश खासदार ‘रॉकेट’ इंजिनाखाली सापडले आणि त्याच रात्री वारले. रेल्वेच्या बहुतेक इतिहासांत त्यांचे नाव येते. इंजिन चालवत होते जोसेफ लॉक, पुढे नामांकित झालेले रेल्वे अभियंते. त्या दिवसाने त्यांच्या मनावर काय कोरले, हा प्रश्न मात्र इतिहासकारांनी क्वचितच विचारला.

आता पुण्याकडे वळू. १८५८ मध्ये जीआयपी रेल्वेचा खंडाळा-पुणे मार्ग सुरू झाला, तेव्हा पिंपरी आणि चिंचवड ही पवनाकाठची साधी गावे होती. सुमारे शतकभराने, १९५४ मध्ये, पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली, टेल्को आली आणि गावांचे औद्योगिक नगर झाले. जुनी गावठाणे रुळांच्या पवनेकडच्या अंगाला, तर हे मोठे कारखाने पलीकडे. १९७८ पासून पुणे-लोणावळा लोकलही धावू लागली. पाळीची वेळ गाठायची तर पुलाचा वळसा लांबचा वाटतो. रूळ समोरच असतात.

चालकाच्या जागेवरून हेच दृश्य निराळे दिसते. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. दोनशे मीटरवर माणूस दिसला, तर हाती उरतात आठ सेकंद. पोलादी चाक पोलादी रुळावर सहज घसरते, म्हणून आपत्कालीन ब्रेक लावूनही गाडी थांबायला शेकडो मीटर लागतात. मोटारचालकाला निदान गाडी वळवता येते. इथे हॉर्न वाजवायचा, ब्रेक दाबायचा आणि पाहत राहायचे. कित्येकदा समोरच्याशी नजरानजर होते.

यानंतर कागद सुरू होतात. स्टेशन मास्तरांना मेमो, वेळ, किलोमीटर आणि खांबाचा क्रमांक. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ नुसार विनापरवाना रुळांवर येणे हाच गुन्हा. त्यामुळे दोष सहसा चालकाकडे येत नाही. पण दोष नाही म्हणून झोप लागते असे नाही.

वैद्यकशास्त्राने याकडे उशिरा पाहिले, आणि त्याचे कारण बोलके आहे. १८६० च्या दशकात इंग्लंडमधील डॉक्टर ‘रेल्वे स्पाइन’ या विकाराची चर्चा करू लागले. बाह्य जखम नसतानाही अपघातातून वाचलेले प्रवासी खचत होते. ही चर्चा पेटली ती प्रवाशांनी कंपन्यांवर लावलेल्या भरपाईच्या दाव्यांमुळे. चालक कोणावर दावा लावणार? आघातोत्तर तणाव विकाराला अमेरिकी मानसोपचाराच्या अधिकृत वर्गीकरणात स्थान मिळाले ते थेट १९८० मध्ये. १९९० च्या दशकाच्या आरंभी स्टॉकहोमच्या भुयारी रेल्वेतील चालकांचा अभ्यास झाला, तेव्हा गाडीखाली माणूस आल्यानंतर त्यांच्या आजारपणाच्या रजा वाढल्याचे आकड्यांत दिसले.

महाराष्ट्रातील सर्वांत ठसठशीत उदाहरण टाळेबंदीतले. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबादजवळ करमाड येथे रुळांवर झोपलेले १६ स्थलांतरित मजूर मालगाडीखाली मरण पावले. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांची छायाचित्रे देशभर पोहोचली आणि मजुरांच्या पायपिटीची चर्चा झाली, जी व्हायलाच हवी होती. चालकाविषयी रेल्वेच्या निवेदनात जेमतेम एक ओळ होती: मजूर दिसताच त्याने गाडी थांबवण्याचा प्रयत्न केला होता.