साचा कोणाच्या हाती?

उमापूर हे बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातले गाव. तेथे सुटीत आजोळी आलेल्या एका मुलाने खोक्यातून एक यंत्रमानव आणला होता. आणला होता तो सुट्या भागांत. प्लास्टिकच्या चौकटीला लटकलेले हात, पाय, छाती, शिरस्त्राण कात्रीने सोडवायचे आणि एकमेकांत दाबून बसवायचे. सरस नाही, स्क्रू नाही. ओसरीवर सात-आठ मुले आणि आम्ही असे सगळे कामाला लागलो. दोन तासांत अंतराळातला योद्धा उभा राहिला.

पण लांब बंदूक पुढे धरली की तो तोंडावर पडे. आणि तेवढ्यात घाईने कोणीतरी हात उलटा दाबला व खांद्याची खुंटी मोडली. मुलगा रडवेला होऊन म्हणाला, "सर, हा तुकडा इथं मिळंल का?" तो तेथे मिळणार नव्हता. का मिळणार नव्हता, याचे उत्तर शोधायचे तर खेळण्यांच्या इतिहासात थोडे मागे जावे लागते.

सुरुवात मराठवाड्यातूनच करू. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे सातवाहन काळातल्या, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या, पांढऱ्या मातीच्या सुबक मूर्ती सापडल्या आहेत. त्यांतल्या अनेक मूर्ती दुहेरी साच्यातल्या आहेत. पुढचा भाग एका साच्यात, मागचा दुसऱ्या साच्यात दाबायचा आणि ओले असतानाच दोन्ही अर्ध जोडायचे. मूर्ती आतून पोकळ राहते, त्यामुळे ती हलकी होते आणि भाजताना तडकण्याचा धोकाही कमी होतो. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात या मूर्ती पाहता येतात. आपल्या योद्ध्याची छातीही अशीच दोन अर्धांची होती! फरक सांध्याचा आहे. मातीचा सांधा भाजला की कायमचा. प्लास्टिकचा सांधा उघडतो आणि पुन्हा बसतो.

असे कशामुळे होते? पेनाचे टोपण किंवा झबल्याचे टिचबटण आठवा. खुंटी छिद्रापेक्षा किंचित जाड असते. दाबताना पदार्थ थोडा ताणला जातो, खुंटी आत जाते, आणि मूळ आकाराकडे परतू पाहणारा पदार्थ तिला घट्ट धरून ठेवतो. याला लवचीकता हवी. माती ताणली जात नाही, तडकते. शिवाय मापही अचूक हवे. खुंटी थोडी बारीक झाली तर सांधा ढिला पडतो, थोडी जाड झाली तर मोडतो.

डेन्मार्कच्या लेगो कंपनीने 28 जानेवारी 1958 रोजी ज्या विटेच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिचे यश याच दोन गोष्टींत आहे. सुरुवातीच्या विटा सेल्युलोज ॲसिटेटच्या होत्या. त्या काळाने वाकत आणि पकड सुटे. 1963 पासून कंपनी एबीएस या प्लास्टिककडे वळली. साच्यांची अचूकता तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही सूक्ष्म ठेवली गेली.

जपानच्या बांदाई कंपनीने जुलै 1980 मध्ये 'गंडम' या दूरचित्रवाणी मालिकेतल्या यंत्रयोद्ध्याचा संच 300 येनला बाजारात आणला. तो सरसाने जोडावा लागे, वर रंगही द्यावा लागे. 1990 मध्ये याच योद्ध्याचा नवा संच आला. त्यात एकाच चौकटीत चार रंगांचे भाग होते आणि सरसाची गरज उरली नव्हती. अशा योद्ध्यांच्या सांध्यात आणखी एक युक्ती असते: कडक खुंटीभोवती मऊ पॉलिएथिलीनची वाटी. मऊ वाटी खुंटीला सर्व बाजूंनी आवळते. त्या घर्षणामुळे हात वळवावा तेथे थांबतो.

आपल्याकडे काय घडत होते? एमआरएफ आणि अमेरिकेची हास्ब्रो यांच्या भागीदारीतून 1987 मध्ये फनस्कूल कंपनी स्थापन झाली. तिच्या गोव्यातल्या कारखान्यात 'जी. आय. जो' हे साडेनऊ सेंटिमीटरचे सैनिक तयार होऊ लागले. पाठीत एक स्क्रू आणि पोटात रबराची कडी, अशी त्यांची रचना होती. कडी तुटली की सैनिकाचे दोन तुकडे होत, हे त्या पिढीला चांगले आठवत असेल. सैनिक गोव्यात बनत, पण साचे हास्ब्रोचे होते. हात आपले, साचा परका. कंपनीने पुढे स्वतःची खेळणीही घडवली, तरी धडा उरतोच: खेळणे ओतणे सोपे, त्याचा पोलादी साचा घडवणे अवघड. आणि खरे ज्ञान साच्यातच साठलेले असते.

हे ज्ञान दूर आहे असे मात्र नाही. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये साचे घडवण्याचेच शिक्षण मिळते. दहावी-बारावीच्या मुलांना हे अवश्य सांगावे.

आता पुन्हा ओसरीवर येऊ. योद्धा पडत होता, कारण बंदूक पुढे येताच गुरुत्वमध्य पावलांच्या पुढे जाई. मुलांनी एक पाय पुढे, एक मागे ठेवला आणि कंबर किंचित मागे वळवली. योद्धा उभा राहिला! डोक्यावर घागर घेतलेली बाई कशी चालते, हे मुलांना सांगावे लागत नाही.

राहिला खांदा. 1978 मध्ये अरविंद गुप्ता या अभियंत्याने मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात काम करताना आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबचे तुकडे यांपासून जोडखेळ तयार केला होता. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अशी असंख्य खेळणी केली. आम्हांला तो जोडखेळ आठवला. तुटक्या हाताला आम्ही गरम सुईने भोक पाडले, त्यात गूल काढलेल्या आगकाडीचा तुकडा बसवला, त्यावर व्हॉल्व्ह-ट्यूब चढवली आणि ती खांद्याच्या छिद्रात दाबली. सांधा घट्ट बसला, वळला आणि वळवला तेथे थांबला. कडक खुंटी, मऊ आवरण: युक्ती तीच, दाम सायकलच्या दुकानातले.

तुकडा गावात मिळत नव्हता, पण त्याच्यामागचे तत्त्व मिळत होते. वर्गात हा सांधा जरूर करून पाहावा. आणि मुलांना विचारावे: आगकाडीऐवजी खिळा घातला तर काय होईल?